नाणेघाटातील नागनिका : शिल्प गेले, नाव उरले

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्याजवळ, जकातीचा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या दगडी रांजणापासून थोड्याच अंतरावर, सातवाहनकालीन लेणे आहे. त्याच्या मागील भिंतीवर एकेकाळी राजकुलातील व्यक्तींची उठावशिल्पे ओळीने कोरलेली होती. आज पावलांच्या पुसट खुणांपलीकडे त्यांतले फारसे काही शिल्लक नाही. आकृत्यांच्या वर ब्राह्मी लिपीत कोरलेली नावे मात्र टिकून राहिली.

या नावांत वंशसंस्थापक सिमुक सातवाहन, काही राजकुमार आणि महारठी त्रणकयिर आहेत. सिमुकाच्या शेजारी राजा सातकर्णी व त्याची राणी यांचा संयुक्त नामलेख आहे. त्यात 'देवी नायनिका' हे नाव आधी येते, राजाचे नंतर. हीच नागनिका. राजप्रतिमांच्या ओळीत राणीला मिळालेले हे स्थान दख्खनच्या इतिहासात विलक्षणच म्हणावे लागेल.

कर्नल साइक्स यांनी १८२८ मध्ये या लेण्याकडे लक्ष वेधले. पुढे भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांनी लेख वाचले. बाजूच्या भिंतींवरील दीर्घ प्राकृत लेखात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व कार्षापणांची गणती आहे. भारतीय अंकलेखनाचा हा एक प्राचीन पुरावा. महिना-महिना उपवास करणारी, घरातच तापसीसारखी राहणारी अशी एका राणीची वर्णनेही त्यात येतात. ही राणी म्हणजे नागनिका, हे अभ्यासकांनी मुख्यतः शिल्पावरील नावाच्या आधारे ठरवले. ते चार शब्द झिजले असते, तर तिची ओळख अनुमानावरच राहिली असती.

प्राचीन इजिप्तमध्ये आकृतीशेजारी नाव कोरण्याची प्रथा याहून कितीतरी जुनी. तेथे इसिसच्या मस्तकी सिंहासनाचे चिन्ह, हाथोरच्या शिंगांत सूर्यबिंब, राणीच्या शिरी गिधाडाचा मुकुट. तरीही चित्रलिपीतील नावावाचून प्रतिमा पुरी मानली जात नसे. म्हणूनच इ.स. पूर्व पंधराव्या शतकात राज्य केलेल्या हातशेपसुत राणीच्या स्मृतीवर घाव घालताना, तिसऱ्या थुतमोसच्या काळात, देर अल-बहरी येथील मंदिरात तिच्या आकृतीबरोबर नावही छिन्नीने खरवडले गेले. काही ठिकाणी केवळ बाह्यरेषा उरली.