कापसासाठी वसविलेली नगरे : वर्धा आणि यांगियेर

प्रस्तावना

नवेगाव बांध परिसरात गावाचे अस्तित्व पाण्याशी बांधलेले आहे. १८ व्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या कुशीत हा तलाव बांधला, अशी परंपरा सांगते. तलावाखाली धान पिकले आणि धानाच्या आधाराने वस्ती स्थिरावली. मात्र आधुनिक काळात काही नगरांचा जन्म याच्या उलट क्रमाने झाला. दूरच्या गिरण्यांना कच्चा माल हवा होता, म्हणून शासनाने भूमी निवडली, दळणवळण उभारले आणि नगर वसविले. विदर्भातील वर्धा व उझबेकिस्तानातील यांगियेर ही अशा नगरांची दोन उदाहरणे होत. दोहोंच्या मुळाशी एकच पीक आहे. या नगरांच्या उभारणीतून कापूस पिकविणाऱ्याच्या वाट्याला काय आले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एकाच घटनेचे दोन पडसाद

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तेथील कापसाची निर्यात खंडित झाली. मँचेस्टरच्या गिरण्यांप्रमाणेच रशियातील गिरण्यांनाही त्याची झळ बसली. ब्रिटिशांची दृष्टी वऱ्हाड व मध्य प्रांताच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६५ मध्ये रशियाने ताश्कंद जिंकले आणि १८६७ मध्ये तुर्कस्तान हा स्वतंत्र प्रशासकीय प्रांत केला. या विस्तारामागे लष्करी व राजकीय कारणेही होती. तथापि पुढील दोन दशकांत कापूस हेच त्या प्रांताचे आर्थिक प्रयोजन ठरले. अशा रीतीने वर्धेचे खोरे आणि सिरदर्या नदीचे खोरे एकाच जागतिक बाजारपेठेत ओढले गेले.

वर्धा नगराची स्थापना

१८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा करण्यात आला. प्रारंभी पुलगावनजीकचे कवठा हे जिल्ह्याचे ठाणे होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या खेड्याच्या जागी हलविण्यात आले व तेथे आखीव रस्त्यांचे वर्धा नगर उभे राहिले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. मुंबई बंदराशी जोडल्या गेलेल्या या मार्गाने वर्ध्याचे स्थान निश्चित केले.

त्याच सुमारास हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांची कापूस आयुक्त म्हणून नेमणूक झाली. बियाण्याची निवड, भेसळीस आळा आणि बाजारांची व्यवस्था ही त्यांच्या खात्याची कामे होती. हिंगणघाटचा कापूस आधीपासूनच नावाजलेला होता. जिनिंग व प्रेसिंगचे कारखाने आले आणि १९ व्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत हिंगणघाट व पुलगाव येथे कापडगिरण्याही उभ्या राहिल्या. परंतु शेती कोरडवाहूच राहिली. शासनाने आगगाडी आणली, कालवे आणले नाहीत. पावसाची जोखीम शेतकऱ्याकडे आणि भावाची सूत्रे बाजाराकडे, अशी ही विभागणी होती. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत नगदी पिकाच्या आधारावरील जीवन किती अस्थिर असते, याचा प्रत्यय आला.

यांगियेर आणि भुकेला गवताळ प्रदेश

सिरदर्या नदीच्या दक्षिणेकडील ओसाड मैदानाला स्थानिक भाषेत मिर्झाचोल म्हणतात. रशियन भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ ‘भुकेला गवताळ प्रदेश’ असा होतो. झारशाहीच्या काळातच तेथे कालव्यांचे प्रयत्न सुरू झाले होते. मे १९१८ मध्ये लेनिन यांनी तुर्कस्तानातील सिंचनासाठी ५ कोटी रुबलची तरतूद करणारा हुकूम काढला. १९५६ नंतर या मैदानाच्या लागवडीला मोठी गती मिळाली आणि १९५७ मध्ये यांगियेर हे नगर वसविण्यात आले. या नावाचा अर्थ ‘नवी भूमी’ असा आहे. येथे क्रम वर्ध्याहून वेगळा होता. शासनाने कालवा, घरे, शाळा आणि शेते एकत्रच योजिली.

पाणी मिळाले, पण पिकाची निवड शेतकऱ्याच्या हाती राहिली नाही. कापसाचे उद्दिष्ट वरून ठरे. वेचणीच्या हंगामात शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी व शिक्षक यांनाही शेतात पाठविले जाई. ही प्रथा सोव्हिएत राजवटीनंतरही दीर्घकाळ टिकली. २०२१ च्या हंगामात पद्धतशीर सक्ती संपुष्टात आल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दिला. १९६० नंतर अमुदर्या व सिरदर्या यांचे पाणी मोठ्या प्रमाणावर वळविल्यामुळे अरल समुद्र आटत गेला आणि सिंचित जमिनी क्षारयुक्त झाल्या.

वर्ध्याचे वेगळेपण

वर्ध्याच्या इतिहासात एक वळण असे आहे की ज्याला यांगियेरमध्ये समांतर नाही. कच्चा कापूस बाहेर पाठविण्यासाठी वसविलेल्या या नगरात, कापसाच्या व्यापाराशी निगडित असलेल्या जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून महात्मा गांधी आले. १९३४ मध्ये येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. १९३८ मध्ये मगन संग्रहालय सुरू झाले. कापूस जेथे पिकतो तेथेच त्याचे सूत व कापड व्हावे, हा विचार या नगराच्या मूळ प्रयोजनालाच छेद देणारा होता.

मात्र हा विचार शेतीच्या अर्थव्यवस्थेत पूर्णपणे उतरला नाही. १९७२ मध्ये महाराष्ट्र शासनाने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. भावाची जोखीम शासनाने अंशतः उचलण्याचा तो प्रयत्न होता. पुढे तोट्यामुळे तो टिकला नाही. जुलै २००६ मध्ये केंद्र शासनाने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ६ जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्या ६ जिल्ह्यांत वर्ध्याचा समावेश होता.

समारोप

वर्ध्यात शेतकऱ्याला बाजार मिळाला, पाणी मिळाले नाही. यांगियेरमध्ये पाणी मिळाले, निवडीचे स्वातंत्र्य मिळाले नाही. एका व्यवस्थेत कर्ज साचले, दुसरीत क्षार. दोन्ही ठिकाणी नगराची आखणी करणाऱ्यांनी कापसाचा हिशेब मांडला. तो पिकविणाऱ्याचा मांडला नाही. नवेगावच्या तलावाखालील शेतीही अभावांपासून मुक्त नव्हती. परंतु तेथे पाणी, पीक आणि अन्न यांचे नाते एकाच पंचक्रोशीत जुळलेले होते. एखाद्या प्रदेशाच्या विकासाचे मूल्यमापन करताना तेथून किती माल बाहेर गेला, यापेक्षा पेरणीचा निर्णय कोणाचा होता आणि नुकसान कोणी सोसले, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम विचारावयास हवेत.