राजा जहाजावरची गोधडी



मागच्या हिवाळ्यात आमच्या मंडळाने पाठशाळेच्या बाईंना गोधडी भेट दिली, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. बाई कायमच्या मुलाकडे राहायला निघाल्या होत्या. शाल-श्रीफळ तर सगळेच देतात. आपण काहीतरी हाताने करून देऊ, असं ठरलं. चोवीस तीर्थंकर म्हणून चोवीस चौकोन आणि चोवीस घरांतून प्रत्येकी एक. चौकोन पंधरा इंचाचा. चार आडवे, सहा उभे, म्हणजे पाच फूट बाय साडेसात फूट. जुनी सुती लुगडी, मुलींचे लहानपणीचे फ्रॉक, कोणाच्या सासऱ्यांचं धोतर, सगळं त्यात आलं. रेशीम अर्थातच घ्यायचं नाही, हे कोणाला सांगावं लागलं नाही. जोडणीचं काम माझ्याकडे होतं.

त्या जोडणीत मी एक गोष्ट केली. ती कोणाला सांगितली नव्हती. आज सांगणार आहे, पण शेवटी. आधी दुसऱ्या एका गोधडीची हकिगत ऐका. माझी भाची ऑस्ट्रेलियात असते. आमच्या गोधडीचा फोटो पाहून तिने मला त्या गोधडीबद्दल कळवलं. त्यानंतर मी मिळेल ते वाचत गेले आणि वाचता वाचता माझ्याच कामाची मला लाज वाटू लागली.

५ एप्रिल १८४१. लंडनजवळच्या वुलिच बंदरातून एक जहाज निघालं. त्याचं नाव 'राजा'. नाव आपल्या ओळखीचं, पण आत राजेशाही काही नव्हतं. आत १८० स्त्रिया होत्या, सगळ्या शिक्षा झालेल्या कैदी. काहींबरोबर त्यांची लहान मुलंही होती. जायचं होतं व्हॅन डीमेन्स लँडला, म्हणजे आज ज्याला टास्मानिया म्हणतात त्या ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या बेटावर. आपल्याकडे अंदमानला काळं पाणी म्हणत, तसंच त्यांचं ते काळं पाणी. १७८८ ते १८५३ या काळात इंग्रज सरकारने सुमारे २५ हजार स्त्रियांना असं ऑस्ट्रेलियाला पाठवलं. बहुतेकींचे गुन्हे काय, तर चोऱ्या. कोणी कपडा उचलला, कोणी मालकिणीची वस्तू घेतली. शिक्षा सात वर्षांची असली, तरी परतीचं भाडं ज्याचं त्याने भरायचं. घर सुटलं ते बहुतेकींचं कायमचंच सुटलं.

या बायकांच्या हातात सुई दिली एलिझाबेथ फ्राय नावाच्या बाईंनी. त्यांचा जन्म १७८० चा, इंग्लंडमधल्या नॉर्विच शहरातला. माहेर सावकारी पेढीवाल्यांचं, सासरही पेढीवाल्यांचं, पदरी अकरा मुलं. पुढे १८२८ मध्ये नवऱ्याची पेढी बुडाली, ते दिवसही त्यांनी पाहिले. त्या क्वेकर पंथाच्या होत्या. हे लोक प्रार्थनेला जमून मौन धरून बसतात, साधे कपडे घालतात आणि युद्ध करणं पाप मानतात. मौन, साधेपणा, हिंसेला नकार. मला वाचताना परकं काही वाटलं नाही.

१८१३ मध्ये फ्रायबाई पहिल्यांदा लंडनच्या न्यूगेट तुरुंगात गेल्या. स्त्रियांच्या भागात मिळून सुमारे ३०० बायका आणि मुलं कोंबलेली होती. झोपायला अंथरूण नाही, तिथेच स्वयंपाक, तिथेच धुणं. १८१७ मध्ये त्यांनी मुलांसाठी शाळा काढली आणि काही मैत्रिणींना घेऊन एक मंडळ स्थापन केलं. मंडळाचे नियम कैदी बायकांना वाचून दाखवले आणि प्रत्येक नियमावर त्यांचे हात वर करून घेतले. कैद्यांचं मत विचारायचं, हे त्या काळात कोणाला सुचलं नसतं. मग शिवणकाम आणि विणकाम सुरू झालं. कापडाच्या व्यापाऱ्यांकडून उरलेले रंगीत तुकडे मागून आणले आणि त्यांतून तुकडे जोडायचं काम शिकवलं.

तुकडेच का, हा प्रश्न मला पडला. उत्तर आपल्याला माहीत आहे. चिंध्यांना पैसे पडत नाहीत. जागा लागत नाही, मांडीवर काम होतं. येणारीला अवघड आणि न येणारीला सोपं असं दोन्ही काम त्यात निघतं. शिवाय वेळ खूप खातं. तुरुंगात आणि जहाजावर वेळच तर संपवायचा असतो.

पुढे दूर पाठवल्या जाणाऱ्या बायकांकडे फ्रायबाईंचं लक्ष गेलं. या बायकांना बेड्या घालून उघड्या गाड्यांतून बंदरावर नेत. वाटेत लोक हुर्यो करत, घाण फेकत. १८१८ मध्ये बाईंनी अधिकाऱ्यांना बंद गाड्या द्यायला लावल्या आणि स्वतः त्यांच्या सोबत बंदरापर्यंत गेल्या. तेव्हापासून सुटणाऱ्या जहाजांवर जाऊन प्रत्येक बाईला एक पिशवी द्यायची पद्धत पडली. तिच्यात काय असे, ते पाहा. धर्मग्रंथ, एप्रन, टोपी, फीत, पांढऱ्या आणि रंगीत दोऱ्याच्या गुंड्या, १०० सुया, टाचण्या, कात्री, अंगुस्तान आणि दोन पौंड कापडाचे तुकडे. दोन पौंड म्हणजे साधारण ९०० ग्रॅम. मी बी.कॉम. आहे, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. १८० बायकांचे मिळून १६० किलोंहून जास्त तुकडे त्या जहाजावर चढले असणार.

राजा जहाजावर या बायकांची देखरेख करायला कीझिया हेटर नावाची एक तरुणी होती. वय अवघं २३. आधी लंडनच्या मिलबँक तुरुंगात काम केलेली. होबार्टला पोचून तिथल्या गव्हर्नरच्या पत्नी लेडी जेन फ्रँकलिन यांना कैदी स्त्रियांच्या कामात मदत करायची, म्हणून तिला पाठवलं होतं. तिच्या नजरेखाली समुद्रावर ही गोधडी तयार झाली. (जाता जाता सांगते, जहाजाचे कप्तान चार्ल्स फर्ग्युसन यांच्याशी तिचं प्रवासातच जमलं आणि १८४३ मध्ये लग्न झालं.)

आता गोधडीकडे येऊ. आकार ३२५ सेंटिमीटर बाय ३३७ सेंटिमीटर, म्हणजे पावणेअकरा फूट बाय अकरा फूट. आमच्या दिवाणखान्यात अंथरली तर भिंतीला लागेल. तुकडे २,८१५. जहाज १९ जुलैला होबार्टला लागलं, म्हणजे प्रवास १०५ दिवसांचा. पण गोधडीवर जून १८४१ असं दोऱ्याने भरलं आहे. जूनअखेर काम संपलं असं धरलं तर ८६-८७ दिवस. रोज ३२ ते ३३ तुकडे जागेवर बसले पाहिजेत. तेही हलत्या जहाजावर, अंधाऱ्या कोंदट जागेत, उलट्या होत असताना. घरी पंख्याखाली बसून माझ्याच्याने दिवसाला दहा व्हायचे नाहीत.

खरं तर आपल्या अर्थाने ती गोधडी नव्हे. तिला अस्तर नाही, आत थर नाही, धावदोरा नाही. पलंगावर घालायची चादर म्हणा. मध्ये पांढऱ्या सुती कापडाचा चौक आहे. त्यावर छापील कापडातली फुलं आणि पक्षी कातरून शिवले आहेत. त्याभोवती एकाबाहेर एक अशा लहान लहान तुकड्यांच्या बारा पट्ट्या आहेत. सगळ्यात बाहेरच्या काठावर तीन बाजूंना फुलं आणि चौथ्या बाजूला बारीक रेशमी दोऱ्याने अक्षरं. रेशीम वाचून मी क्षणभर थांबले. पण त्यांच्या हातात जे पडलं, त्यातच त्यांना करायचं होतं.

फुलं कातरून लावायच्या या पद्धतीतल्या कापडाचं मूळ आपल्याकडे आहे. छापील सुती कापडाला आपण चीट म्हणतो, हिंदीत छींट. इंग्रजीतला शब्द त्यावरूनच बनला. १७व्या-१८व्या शतकात हिंदुस्थानातल्या चिटांनी इंग्लंडला वेड लावलं होतं. तिकडच्या लोकरीच्या आणि रेशमाच्या विणकरांनी आरडाओरडा केला म्हणून १७२१ मध्ये कायदा करून तसलं कापड वापरण्यावरच बंदी घातली. ती १७७४ मध्ये उठली. महागाची चीट फुकट जाऊ नये म्हणून तिथल्या बायका त्यातलं एकेक फूल कापून साध्या पांढऱ्या कापडावर शिवत. तुकडा टाकवत नाही, ही सवय जगात सगळ्या बायकांची सारखीच. १८४१ पर्यंत मात्र चाक उलटं फिरलं होतं. इंग्लंडच्या गिरण्यांचं छापील कापड आपल्याकडे येऊ लागलं होतं आणि आपले विणकर बसून होते. मुंबईत कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी काढायला अजून तेरा वर्षं होती.

काठावरच्या अक्षरांत काय लिहिलं आहे? राजा जहाजावरच्या कैद्यांनी ही गोधडी केली. ज्या बायकांनी इंग्लंडमध्ये आणि प्रवासात आपल्या भल्यासाठी कष्ट घेतले, त्यांना कृतज्ञता म्हणून ती भेट. आणि उद्योगी राहण्याचा त्यांचा उपदेश आपण विसरलो नाही, याचा हा पुरावा. मजकुराची भाषा शिकवणारीची वाटते, शिकणारीची नाही. पण त्यातला एक शब्द खरा आहे: भेट. ज्यांच्याकडे स्वतःचं म्हणावं असं त्या पिशवीखेरीज काही नव्हतं, त्यांनी त्याच पिशवीतलं काढून, जोडून देणाऱ्यांना परत दिलं. देणं ही फक्त असणाऱ्यांची मक्तेदारी नाही, हे त्यांनी दाखवलं.

गोधडी इंग्लंडला परत गेली आणि लोक तिला विसरले. फ्रायबाई १८४५ मध्ये वारल्या. १९८७ मध्ये ही गोधडी स्कॉटलंडमध्ये एका घराच्या माळ्यावर सापडली. १४६ वर्षांनी! १९८९ मध्ये ती ऑस्ट्रेलियाला नेली आणि आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात जपून ठेवली आहे. कापड नाजूक झालंय म्हणून ती नेहमी मांडत नाहीत. २०१० मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गोधड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा ती तिथे पाहायला मिळाली होती.

आता मी ज्या ओळीपाशी अडकले ती सांगते. जाणकार म्हणतात, ही अनेक हातांची गोधडी आहे. काही टाके सराईत, अगदी बारीक. काही ओबडधोबड, नुकती सुई धरलेल्या हाताचे. दोन्ही शेजारी शेजारी तसेच आहेत. आणि काठावर इतकी अक्षरं असून त्यात करणारीचं नाव एकाही ठिकाणी नाही. सरकारी दप्तरात या बायकांची नावं आहेत, पण ती गुन्ह्यासमोर लिहिलेली. गोधडीवर त्यांची सही म्हणजे त्यांचा टाका.

आमच्या गोधडीवरही नावं नव्हती. चोवीस चौकोनांत एक होता आमच्या गल्लीतल्या काकूंचा. वय ८४, हात थरथरतो. टाके वाकडे, कुठे लांब कुठे आखूड, कमळाची एक पाकळी सुटलेली. जोडणीला बसल्यावर तो चौकोन माझ्या डोळ्यांत खुपू लागला. एवढी मोठी भेट, चारचौघांत उघडणार, लोक काय म्हणतील? एका रात्री मी काकूंचे सगळे टाके उसवले आणि ते कमळ माझ्या हाताने पुन्हा शिवलं. कोणाला कळणार नाही असं नीट शिवलं.

निरोपाच्या दिवशी गोधडी उलगडली. सगळ्या जणी आपापला चौकोन शोधून बाईंना दाखवत होत्या. काकूंनी विचारलं, "माझा कुठला गं?" मी दाखवला. त्यांनी कमळावरून बोटं फिरवली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "छान झालंय." मग मागे जाऊन खुर्चीवर बसल्या. बाकी कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

राजा जहाजावर कीझियाने ठरवलं असतं तर ओबडधोबड टाके उसवून चांगल्या हाताकडून करून घेता आले असते. तिने तसं केलं नाही, म्हणून आज त्या बायकांचा हात दिसतो. मी मात्र काकूंचं नाव पुसलं होतं.

क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांना सरसकट 'उत्तम क्षमा' म्हणतो. या वर्षी मी काकूंकडे मुद्दाम एकटी गेले आणि काय केलं ते शब्दाशब्दाने सांगितलं. काकू म्हणाल्या, "बोट लावलं तेव्हाच कळलं होतं मला. बाई थंडीत पांघरतात ना? मग झालं." मी उठले तेव्हा पुन्हा बोलल्या, "पण पुढच्या वेळी माझ्या टाक्याला हात लावू नकोस."

पुढची वेळ आली आहे. मंडळातल्या एका सुनेच्या बाळासाठी छोटी दुपटी-गोधडी करतोय, नऊ चौकोनांची. मधला चौकोन काकूंचा आहे. टाके पहिल्यापेक्षाही वाकडे आहेत. काल तो जोडला, जसा आला तसा.