धाकटी पाती

माहुल गांवच्या एका बोळांत परवां एक मुलगा दिसला. वय बाराच्या आंतबाहेर, अंगांत पांढरा सदरा आणि पाठीवर रिअल माद्रिदच्या कोणा नामवंत खेळाडूचें नांव. एका अंगास तेलशुद्धीच्या कारखान्यांच्या टाक्या, दुसऱ्या अंगास खाडीचा चिखल व कोळ्यांच्या होड्या, आणि मध्यें हा माद्रिदचा भक्त! त्यास सहज विचारलें, "बाळ, तुझ्या ह्या संघाला एक धाकटा भाऊ आहे, ठाऊक आहे का?" त्यानें नकारार्थीं मान हलविली. मग रस्त्याच्या कडेलाच त्यास जी हकीकत सांगितली, तीच येथें थोडी विस्तारानें देत आहें.

देवास संस्थानांत थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच शहरांत नांदत होत्या, हें वाचकांस ठाऊक आहेच. रिअल माद्रिदच्या घराण्यांतली अशीच धाकटी पाती म्हणजे कास्तिया. तिचें मूळ मात्र राजघराण्यांतलें नव्हे, कचेरींतलें. 1930 सालीं जन्मलेला 'प्लुस उल्त्रा' हा संघ एका विमा कंपनीचें नांव मिरवीत असे. मुंबईकरांस ह्याचें नवल वाटूं नये. टाटा, मफतलाल, एअर इंडिया अशा नांवांचे संघ कूपरेजवर आपण पाहिलेच आहेत, आणि कॅल्टेक्स ह्या तेलकंपनीच्या संघानें तर 1958 सालीं रोव्हर्स करंडक जिंकला होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कांहीं वर्षांत रिअल माद्रिदनें प्लुस उल्त्राशीं संधान बांधलें आणि आपले होतकरू खेळाडू तेथें तयार होण्यास धाडले. 1972 सालीं तो संघ विसर्जित होऊन त्याच्या जागीं कास्तिया उभा राहिला.

ह्या धाकट्या पातीनें 1980 सालीं जें केलें, त्याला क्रीडेच्या इतिहासांत तोड सांपडणें कठीण. राष्ट्रीय करंडकाच्या स्पर्धेंत दुसऱ्या वर्गांतल्या ह्या पोरांनीं एर्क्यूलेस, अ‍ॅथलेटिक बिल्बाओ, रिअल सोसिएदाद आणि स्पोर्टिंग गिहोन हे पहिल्या वर्गांतले चार संघ एकामागून एक गारद केले. अंतिम सामन्यांत पोंचून पाहतात तों समोर कोण? खुद्द रिअल माद्रिद! 4 जून 1980 रोजीं बर्नाबेऊ मैदानावर दोन्ही पात्या भिडल्या आणि थोरलीनें धाकटीचा सहा विरुद्ध एक असा फडशा पाडला. त्या दिवशीं थोरल्या बाजूनें खेळणारा देल बोस्के पुढें 2010 सालीं स्पेनच्या विश्वविजेत्या संघाचा गुरु झाला.

पराभवांतही लाभ होता. रिअल माद्रिद त्या वर्षीं साखळी स्पर्धेचेही विजेते होते. त्यामुळें करंडकविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेंतली जागा उपविजेत्यांकडे आली. लंडनच्या वेस्ट हॅम संघास कास्तियानें माद्रिदमध्यें तीन विरुद्ध एक असें हरविलें. परंतु इंग्रज प्रेक्षकांनीं तेथें असा धिंगाणा घातला कीं, 1 ऑक्टोबर 1980 चा परतीचा सामना लंडनच्या रिकाम्या मैदानावर खेळविण्याचा हुकूम निघाला. अवघीं 262 माणसें आंत होतीं. जादा वेळांत कास्तिया पांच विरुद्ध एक असा हरला. रिकाम्या बांकांपुढें चेंडूमागें धांवणारीं तीं तरुण पोरें मनापुढें उभीं राहिलीं कीं मला सहा गोलांच्या पराभवापेक्षां हाच पराभव अधिक चटका लावतो.

पुढें 1983-84 च्या हंगामांत अमान्सिओच्या हाताखालीं कास्तिया दुसऱ्या वर्गांत पहिला आला. बुत्रागेन्यो, मिचेल, सांचिस, मार्तीन वास्केस आणि पार्देसा हे पांच तरुण ह्याच तालमींतले. बुत्रागेन्योच्या आडनांवावरून 'एल् बुइत्रे', म्हणजे गिधाड, हें टोपणनांव पडलें आणि साऱ्या पंचकासच गिधाडाची तुकडी म्हणूं लागले. (आपल्याकडे असें नांव कोणी कौतुकानें घेतलें असतें, असें वाटत नाहीं.) 1986 पासून 1990 पर्यंत रिअल माद्रिदनें लागोपाठ पांच वेळां साखळी जिंकली, ती मुख्यतः ह्यांच्या जोरावर.

परंतु पहिला आलेला कास्तिया पहिल्या वर्गांत गेला नाहीं. दोघां भावांनीं एका वर्गांत बसूं नये, असा तेथला नियम. साखळीपुरता तो मला न्याय्य वाटतो. एकाच सदऱ्याच्या दोन खिशांत गुणांची देवघेव होईल ही शंका रास्त आहे. मात्र 1990 पासून राखीव संघांस करंडकाचीही दारें बंद झालीं, ह्याचें वाईट वाटतें. 1980 सारखें नवल आतां तेथें घडणें नाहीं.

आपल्याकडेही 2017-18 पासून आय-लीगच्या दुसऱ्या वर्गांत मोठ्या संघांच्या राखीव चमूंस प्रवेश मिळाला, तो वर चढण्याचा हक्क नाहीं ह्या अटीवर. परंतु आपलें खरें दुखणें निराळें आहे. मुंबईच्या महिंद्र युनायटेडनें 2005-06 सालीं राष्ट्रीय साखळी जिंकली, आणि 2010 सालीं तो संघच बंद झाला. जेथें थोरल्या पातीचा भरंवसा नाहीं, तेथें धाकटीनें कोणाच्या आधारानें वाढावें?

हें सर्व ऐकून तो मुलगा म्हणाला, "वर जाऊंच देत नाहींत, तर मग ते खेळतात कशाला?"

मीं त्यास खाडीपलीकडचें उदाहरण दिलें. 25 ऑक्टोबर 2017 रोजीं नव्या मुंबईंत, नेरूळच्या मैदानावर, सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. स्पेननें मालीस तीन विरुद्ध एक असें हरविलें. तिसरा गोल करणारा फेरान तोरेस त्या वेळीं वालेन्सियाच्या राखीव संघाचा, मेस्तायाचा खेळाडू होता. तें वर्ष संपण्यापूर्वीं थोरल्या संघांत त्याचें पाऊल पडलें, आणि पुढें तो बार्सिलोनाकडे गेला.

"फेरान?" मुलानें नाक मुरडलें. "तो तर बार्सिलोनाचा!" आणि चेंडू उचलून तो खाडीकडे चालता झाला.