तिच्या चौदा ओळी आणि माझे तीन गुण

आज राजकारण नाही. आज थोडा इतिहास, आणि त्यासोबत माझी एक चूक कबूल करायचीय.

मी परभणी जिल्ह्यात मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी नववीला 'माझे घर' असा निबंध दिला होता. एका पोरीनं पानभर निबंधाऐवजी चौदा छोट्या ओळी लिहून दिल्या. दिवाळी झाली की आई-बापाचा कोयता टोळीसोबत कारखान्याकडं निघतो, मुकादमाची उचल फेडायची असते, फडाजवळच्या कोपीत धाकट्या भावाला हीच सांभाळते. ओळीखाली ओळ, कवितेसारखी. मी लाल शाईनं लिहिलं, 'हा निबंध नव्हे.' दहापैकी तीन गुण. दिवाळीनंतर ती तोडीला गेली, ती परत वर्गात आलीच नाही. वही माझ्याकडंच राहिली.

आता आपल्या गंगाखेडकडं बघा. जनाबाई गोदाकाठच्या या गावची. लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला राहिली, असं परंपरा सांगते. तिनं कशावर लिहिलं? दळण, कांडण, झाडलोट, धुणं, गोवऱ्या यांवर. रोजचं काबाडकष्ट तिनं अभंगात आणलं आणि विठोबालाच सोबत जात्यावर बसवलं. साडेतीनशेच्या आसपास अभंग तिच्या नावावर आहेत. सातशे वर्षं आपण ते गातोय. तिला कुणी म्हणलं नाही की बाई, हा विषय कवितेचा नव्हे.

दुसरी बहिणाबाई. खानदेशातल्या चौधरी नव्हेत, शिऊरच्या संत बहिणाबाई. शिऊर हे वैजापूर तालुक्यातलं, म्हणजे आपल्या मराठवाड्यातलंच गाव. जन्म 1628 चा, देवगाव रंगारीचा. तिसऱ्या वर्षी लग्न झालं, नवरा तिशीतला बिजवर. घरच्या भांडणापायी सगळं कुटुंब गाव सोडून पायी निघालं, फिरत फिरत कोल्हापूरला पोचलं. तिथं अकराएक वर्षांच्या या पोरीला एका वासराचा लळा लागला. ते तिच्यामागं कीर्तनालाही जायचं. लोकांत बोलबाला झाला, तसं नवऱ्यानं तिला वेणी धरून मारलं. पुढं वासरू गेलं, पोर बेशुद्ध पडली, आणि त्याच अवस्थेत तिला स्वप्नात तुकोबा दिसले. हे सगळं तिनं स्वतःच अभंगात सांगितलंय. माहेर, वाट, मार, वासराचं मरण, सगळं क्रमानं येतं. मराठीतलं हे फार जुनं स्त्री-आत्मचरित्र, तेही पद्यात.

आज अमेरिकेत कुमारवयीन मुलांसाठी कवितेतल्या कादंबऱ्या निघतात, बऱ्याचशा लेखकाच्या स्वतःच्या आयुष्यावर. जॅकलिन वुडसन या कृष्णवर्णीय लेखिकेनं आपलं बालपण 'ब्राउन गर्ल ड्रीमिंग'मध्ये कवितांतून मांडलं. त्याला 2014 चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. वाचल्यावर वाटलं, अरे, ही तऱ्हा तर आपल्या ओळखीची! फरक एवढाच, तिकडं ते पुस्तक शाळेतल्या पोरांच्या हातात जातं. आपल्याकडं जनी आणि बहिणा देव्हाऱ्यात बसल्या. त्यांना हात जोडताना आपण विसरलो की त्या आधी राबणाऱ्या, मार खाणाऱ्या पोरी होत्या.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. बहिणाबाईनं अकराव्या वर्षाचं दुःख सांगितलं ते मोठेपणी. त्या वयात तिचं कोण ऐकणार होतं? माझ्या विद्यार्थिनीनं मात्र चौदाव्या वर्षीच, जगता जगता लिहिलं होतं. ऐकायला मी समोर होतो. आणि मी गुण कापले.

म्हणून मास्तर मंडळींना हात जोडून विनंती. या दिवाळीआधी पोरांना म्हणा, तुमच्या घरचं लिहा. जमंल तसं, ओळीखाली ओळ. स्थलांतर, उचल, लग्नाची बोलणी, आजीचं जातं, काहीही चालंल. शुद्धलेखन नंतर बघू. पानं शिवून एक हस्तलिखित करा आणि शाळेच्या कपाटात, धड्याच्या पुस्तकाशेजारी ठेवा. पुढच्या वर्षीच्या पोरांना वाचू द्या.

कवितेत सांगितलेली कादंबरी याच कपाटातून निघंल. निघाली नाही तरी एखादी पोर म्हणंल, माझं कुणीतरी वाचलं.

ती वही अजून जपून ठेवलीय. तीनाच्या आकड्यावर मी काट मारलीय. पण ते तिला कुठं माहीत?