संकासुर यायच्या आत पोचा

घोंगडी घेतलीत ना? मार्गशीर्षातली थंडी आहे आणि सबंध रात्र उघड्यावर काढायची आहे. खिशातल्या नोटा काढून ठेवा, त्या इथे कुणी घेणार नाही. सोळा तांग्यांचा एक रुपया, असा पोर्तुगीज हिशेब आहे. 1950च्या आसपासची गोव्यातली डिचोली, देवीची जत्रा, आणि पालखीनंतर दशावतारी कालो, म्हणजे रात्रभर चालणारं नाटक.

आधी नाकाने वाट काढा. आल्यागुळाच्या खाज्याचा वास आला की डावीकडे वळा, पुढे भाजके चणे, मग बायकांच्या केसांतली अबोली आणि जायां. गर्दीत कुणाचं तरी कोपर तुमच्या बरगडीत बसेल. रागावू नका, तुमचंही कुणाला तरी बसलंच आहे.

खेळ उभा राहायला वेळ आहे, तोवर देवळाच्या अग्रशाळेत डोकावून या. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशी पिढीजात मंडळं सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून गावोगाव फिरत येतात, सामानाचा पेटारा डोक्यावर घेऊन. दिव्याच्या उजेडात हातातल्या आरशात बघत जो तो आपला चेहरा आपणच रंगवतोय. तो कोपऱ्यातला रापलेला गडी पाहिलात? आता विडी ओढतोय. घटकाभराने नऊवारी नेसून तो द्रौपदी होईल आणि तुमच्या शेजारची आजी पदराने डोळे पुसेल.

मृदंगावर थाप पडली! पळा, जागा धरा. गॅसबत्ती सूं-सूं करतेय, तिच्याभोवती किडे, खाली एक बाकडं. नेपथ्य एवढंच. राजाचं सिंहासनही तेच आणि जंगलातला खडकही तेच. पायपेटी सूर धरते, झांजा कानात घुमतात. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी नाचतात, सरस्वती आशीर्वाद देऊन जाते.

आणि मग पोरं किंचाळत आईच्या मांडीत शिरतात. संकासुर! अंगभर काळे कपडे, डोक्यावर उंच टोकदार टोपी, लोंबणारी लालभडक जीभ. वेद चोरायला आलाय म्हणे, पण आधी भटजीची फिरकी घेतो, मग तुमची. देव शुद्ध मराठीत बोलतात, हा बेटा गावच्या बोलीत. पुढच्या रांगेत पेंगणाऱ्याला विचारतो, ‘‘कितें रे, न्हिदलो?’’ भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, पोट, सावकाराची वही, कुणाचं हुकलेलं लग्न, काही सुटत नाही. लिहिलेली संहिता नाही. संध्याकाळी गावात हिंडताना जे कानावर पडलं, तेच त्याचे संवाद. ज्याची टिंगल झाली तो भाटकारच सगळ्यांत मोठ्याने हसतो. हसला नाही तर उद्या त्याचीच जास्त चर्चा होईल!

विष्णू येऊन संकासुराला मारतो, आख्यान सुरू होतं. राजे बाकड्यावर चढून गर्जना करतात, ताला-सुरात लढाया होतात, धुळीने घसा कोरडा पडतो. पहाटे हंडी फुटते आणि गार दह्याचे शिंतोडे तोंडावर उडाले की तुमची झोप उडते.

आता परत या. डिचोली-पेडण्यात कालो आजही होतो, फक्त संकासुराचा भाग बऱ्याच ठिकाणी आटोपता घेतात, कारण प्रेक्षक आख्यानालाच उगवतात. यंदा तुम्ही तरी वेळेवर जा. समोर माणसं बसलेली दिसली, की संकासुरही हात आखडता घेत नाही.