अलिबागची चुंबकसूची

मुंबईत 1907 साली विजेची ट्राम सुरू झाली. नगरवासीयांची सोय झाली. कुलाबा वेधशाळेच्या चुंबकसूचीला मात्र हा शेजार मानवणारा नव्हता. रुळांतून वाहणारी वीज तिला हालवणार, हे आधीच ओळखून संचालक नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांनी अलिबागेस नवी वेधशाळा उभारली. तिच्या बांधणीत लोखंड वर्ज्य! 1904 ते 1906 दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन कुलाब्याची 1841 पासूनची मालिका अलिबागेच्या मालिकेला सांधली. आम्हांला या खटाटोपात ही सांधणीच सर्वांत मोलाची वाटते. (अलिबागेजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेतच कामाला होते.)

या नोंदींचे मोल 2 सप्टेंबर 1859 च्या एका आकड्यात दिसते. आदल्या दिवशी इंग्लंडात कॅरिंग्टनने सूर्यावर तेजाचा लोळ पाहिला होता. सुमारे साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर पोचले, आणि कुलाब्यास क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरले. रोजची वधघट एरवी शंभराच्या आतच असते.

बल घसरले कशाने? चुंबकीय क्षेत्र धावत्या विद्युत्‌भारित कणाची दिशा वळवते, त्याची ऊर्जा वाढवत नाही. अशा वळणाने धन कण पृथ्वीभोवती पश्चिमेकडे आणि इलेक्ट्रॉन पूर्वेकडे सरकतात. दोहोंचा मिळून पश्चिमवाही प्रवाह होतो, आणि तो जमिनीवरील बल कमी करतो. डेसलर व पार्कर यांनी 1959 साली दाखविले की, ही घट त्या कणांच्या एकूण ऊर्जेच्या प्रमाणात असते. म्हणजे आकाशातील ऊर्जेची मोजदाद जमिनीवरच्या सूचीने होते!

संगणकाने तोच हिशेब कणाकणाने मांडावा म्हटले, तर हजार कणांतच 4,99,500 जोड्या होतात. म्हणून अवकाशाचे चौकोन पाडतात, प्रत्येकातील भार एकत्र धरतात, त्यावरून क्षेत्र काढतात आणि मग कण पुढे सरकवतात. पण असे गणित खरे की खोटे, हे ठरवायला मोजलेला आकडा हवाच. 2003 साली त्सुरुतानी, गोन्झालेझ, तसेच भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लखिना व अ‍ॅलेक्स यांनी कुलाब्याची ती नोंद जगापुढे ठेवली. तेव्हापासून वाद चालू आहे: 1600 पैकी कणांच्या या कड्याचा वाटा किती, आणि वातावरणाच्या वरच्या थरांतील प्रवाहांचा किती? दोन्ही पक्ष बोट ठेवतात ते कुलाब्याच्या त्याच नोंदीवर.