पेरिश दा सिल्वा, बेर्नार्दु

(१५ ऑक्टोबर १७७५–१४ नोव्हेंबर १८४४). गोमंतकीय वैद्य व राजकारणी. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलात भारतातील पोर्तुगीज मुलखाच्या सर्वोच्च पदावर नेमला गेलेला हा एकमेव एतद्देशीय पुरुष होय. जन्म तिसवाडीतील नेवरा येथे. शिक्षण राशोलच्या सेमिनारीत. गोव्याचे वैद्यकीय विद्यालय विधिपूर्वक स्थापन झाले ते १८४२ साली. हा त्याच्या पुष्कळ आधीच्या पिढीचा वैद्य.

१८२० च्या पोर्तुगालमधील उदारमतवादी क्रांतीने वसाहतींनाही राज्यघटनेच्या कक्षेत आणले, तेव्हा लिस्बनच्या प्रतिनिधिसभेसाठी, म्हणजे कोर्तिससाठी, १८२२ साली गोव्यातून तिघांची निवड झाली : कोन्स्तांसियु रोक दा कोश्त, पोर्तुगालचा लिमा लैतांव आणि प्रस्तुत बेर्नार्दु. तिघांपैकी लैतांव व बेर्नार्दु हे दोघे वैद्य असावेत, यात नवल मानण्याचे कारण नाही. धर्मपीठ आणि लष्कर वगळता लिहित्या-बोलत्या माणसाला वैद्यकाखेरीज प्रतिष्ठेचा दुसरा मार्ग त्या काळी फारसा उपलब्ध नव्हता. पुढे राजा मिगेलच्या निरंकुश कारकीर्दीत बेर्नार्दुला देशांतर करावे लागले, आणि ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे, १८३२ साली, तत्त्वज्ञानाचा एक पंडित व हिंदुस्थानातील एक पोर्तुगीज प्रजाजन यांच्या संवादाच्या रूपाने त्याने राज्यघटनेचे विवेचन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला.

उदारमतवाद्यांचा पुन्हा जय होताच १८३४ मध्ये त्याची प्रीफेक्ट या नव्या, मुलकी अधिकाराच्या पदावर नेमणूक झाली. १४ जानेवारी १८३५ रोजी त्याने कारभार हाती घेतला आणि १ फेब्रुवारी रोजी लष्कराने व मिश्रवंशीय पुढाऱ्यांनी बंड करून त्याला पदच्युत केले. लिस्बनच्या फर्मानाने प्राप्त झालेली समानता पणजीच्या बराकीपर्यंतसुद्धा पोचू शकली नाही. तो मुंबईस गेला. तेथील अफूचा बडा व्यापारी रोजेरियु द फारिया याने द्रव्यसाहाय्य केले, पण पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याकडे निघालेल्या गलबतांची वादळाने दाणादाण उडाली. तत्पूर्वीच, मे महिन्याच्या आरंभी, गाश्पार दियश किल्ल्यातील त्याच्या पक्षाच्या शिबंदीची कत्तल झाली होती.

यानंतर त्याने दमणास ठाण मांडले. गोवा हातचा गेलेला, उरले ते दमण, दीव आणि दमणच्या अमलाखालील नगर हवेलीचा परगणा. दादरा धरून बहात्तर गावांचा, वारली, धोडिया, कोकणा अशा वन्य जमातींच्या वस्तीचा हा मुलूख पोर्तुगीजांनी तलवारीने मिळवलेला नव्हता : मराठी आरमाराने १७७२ मध्ये पकडलेल्या सांतान या जहाजाच्या भरपाईदाखल, १७७९ च्या तहान्वये बारा हजार रुपयांच्या वसुलाची गावे पेशव्यांनी त्यांना लावून दिली, आणि ती १७८३ व १७८५ मध्ये प्रत्यक्ष ताब्यात आली. तहाने दिला तो केवळ वसूल, सरंजामाच्या धर्तीवर, राज्याधिकार नव्हे, असे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६० साली निर्णयात म्हटले; मात्र पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी तेथील पोर्तुगीज सत्ता मान्य केल्याचेही नमूद केले. म्हणजे बेर्नार्दुच्या वेळी सरंजाम देणारे पेशवे उरले नव्हते आणि पदावर नेमलेल्या प्रीफेक्टाला राजधानीत पाय ठेवता येत नव्हता. अशा दुहेरी विचित्र अवस्थेतील प्रदेशावर त्याची हुकमत होती. दमणगंगेच्या वरच्या अंगाचे सिल्वासा तेव्हा लहानसे खेडे होते. परगण्याचे मुख्य ठाणे ते झाले १८८५ साली, आणि गव्हर्नराच्या किताबावरून त्याला पासु द आर्कुश हे नाव देण्यात आले, जे लोकांच्या जिभेवर मात्र कधी बसले नाही.

१८३७ च्या अखेरीस बॅरन साब्रोझु हा नवा गव्हर्नर आल्यावर बेर्नार्दुची दमणची सत्ता संपली. त्यानंतर तो पुन्हा लोकप्रतिनिधी म्हणून पोर्तुगालला गेला. लिस्बन येथे तो निधन पावला.